चिमट्यातली खळ

किसन मिस्त्री, राहणार जठारपेठ, अकोला. या माणसावर अन्याय झाला. तो कार्तिक वद्य पंचमीला, बुधवारी, सकाळी आठ ते दहा या दोन तासांत झाला. जागा, आमच्या मजूर मंडळाची खोली, खिडकीजवळची चटई. हत्यार, टाक. साक्षीदार कोणी नाही, कारण खोलीत मी एकटाच होतो आणि टाक माझ्याच हातात होता.

किसनकाका, पत्रक असंच सुरू करायचं असतं. पहिल्या ओळीत ज्याच्यावर जुलूम झाला त्याचं नाव, दुसरीत दिवस आणि वेळ. वाचणाऱ्याला पळायला जागा ठेवायची नाही. तुम्ही एकदा माझं पत्रक हातभर लांब धरून वाचलंत आणि म्हणालात, "बापू, तुह्या कागदात गुन्हेगार पहिल्याच ओळीत सापडते. तपासाचं कामच ठेवत नाई तू." मी हसलो होतो. मला ती तारीफ वाटली होती.

तुम्हाला जाऊन आज एकोणीस दिवस झाले. तुम्ही कुठे जन्मलात, कोणत्या पलटणीबरोबर बसऱ्याला गेलात, हे मी लिहीत नाही. ते मला नीट माहीतही नाही. मला तुमचे हात माहीत आहेत, आणि एक वाक्य माहीत आहे, जे तुम्ही मला सांगितलंत आणि मी ऐकलं नाही. हे लिहिताना माझ्या नखांत ग्रीस आहे. साबणाने गेलं नाही, राखेनेही गेलं नाही. तीन दिवस मी तुमच्या शेडमध्ये बसून आमच्या मोटारसायकलचा पुढचा चिमटा खोलला. ज्या कामाला तुम्ही मला कार्तिकात बोलावलं होतं, ते मी ज्येष्ठात केलं.

आपली ओळख श्रावणातली. एका डॉक्टरांनी आमच्या मंडळाला आपली जुनी इंग्रजी गाडी देऊन टाकली. गावोगाव फिरून सरकी काढायच्या कारखान्यांतल्या, म्हणजे जिनातल्या बायकांना एकत्र करायचं होतं. कापसाच्या हंगामात दिवसभर उभं राहून रुई वेचणाऱ्या बायका, प्यायच्या पाण्यासाठीसुद्धा मुकादमाचं तोंड पाहायचं. आम्हाला घाई होती. गाडीचं पुढचं चाक मात्र दारुड्यासारखं डुलायचं. तुम्ही हँडल धरलंत, एकदा खाली दाबलंत, कान लावलात आणि म्हणालात, "चिमटा खोला लागते."

मला वाटलं होतं, सायकलच्या चिमट्यासारखाच सरळसोट असेल. हा तसा नव्हता. हा चिमटा चार पट्ट्यांवर झुलतो, त्या पट्ट्या आडव्या दांड्यांवर फिरतात, आणि मधली जाड स्प्रिंग खड्ड्यांचा मार खाते. तुम्ही तुमच्या घरधनिणीच्या, मथुरामायच्या, जुन्या लुगड्याचा तुकडा जमिनीवर अंथरलात आणि मला समोर बसवलंत. मी म्हणालो, काका, तुम्ही करा, मी संध्याकाळी येतो. तुम्ही पाना खाली ठेवलात.

"मंग संध्याकाळीच खोलतो."

"का? माझी काय गरज?"

"गाडीचा मालक समोर असल्याबिगर मी खोलत नाई."

"मालक मंडळ आहे."

"मंग मंडळाले घेऊन ये. चटईसंगंच आन."

बसलो. एकेक भाग निघत गेला, निघाला त्या क्रमाने लुगड्यावर मांडला गेला. गाडीची मान सोडवली तेव्हा आतले छर्रे पावसासारखे खाली आले, आणि तुम्ही ते एका पितळी वाटीत झेलले, एकही न सांडता. खालची दांडी काळ्या चिखलाने माखलेली निघाली. मी उत्साहाने रॉकेलचा बोळा उचलला. तुम्ही माझं मनगट धरलंत. जोरात धरलंत, अजून आठवतं.

"पुसू नको."

"घाण आहे काका."

"घान नाई थे. जबानी हाय. पह्यले पाय. कुठी चिखल हाय, कुठी कोरडं हाय, कुठी घासलं हाय. मालकानं पायलं का मंग पुसाव. आधी पुसलं त मिस्त्री काईबी सांगन अन मालक काईबी मानन."

बसऱ्याला एका जमादाराने तुम्हाला हे शिकवलं होतं. अकोल्यात दुसरा कोणी मिस्त्री असं करत नसे. गिऱ्हाइकं वैतागत. एका सावकाराला तुम्ही भर दुपारी त्याच्या मोटारीपुढे तासभर उकिडवं बसवलं होतं, ही गोष्ट जठारपेठेत हसून सांगितली जायची. ते हसणाऱ्यांत मीही होतो.

त्या दांड्या झिजून गेल्या होत्या. तुम्ही नव्या घडवल्यात. प्रत्येक दांडीच्या टोकावर तुम्ही पोगराच्या टोकाने तीन ठिपके ठोकलेत, तुमची खूण. म्हणालात, "उद्या काई झालं त लोकायले कळलं पायजे, कोनाच्या बापानं बनवली."

गाडी सरळ चालू लागली आणि आम्ही तिच्यावर संसार लादला. मागे पत्रकांचे गठ्ठे, पाठीवर झेंडा, आणि हँडलच्या डाव्या बाजूला खळीचा डबा. ज्वारीच्या पिठाची खळ, भिंतीला पत्रकं चिकटवायची. पहिल्या महिन्यात आमची निम्मी पत्रकं गुरांनी खाल्ली. रात्री लावलेलं पत्रक सकाळी शेळीच्या तोंडात. बाळापूर नाक्याजवळ एक गोऱ्हा तर आमच्या मागण्या पहिलीपासून सहावीपर्यंत चाटून गेला. मग कोणीतरी सांगितलं, खळीत मोरचूद घाला. मी मूठभर निळे खडे कुटून खळीत घातले. त्या दिवसापासून एका जनावराने आमच्या कागदाला तोंड लावलं नाही. कीड नाही, बुरशी नाही. आम्हाला केवढा अभिमान होता त्या खळीचा! दुसऱ्या तालुक्यातले लोक कृती विचारायला यायचे.

तुम्ही मात्र डबा पाहिलात आणि तोंड वाकडं केलंत.

"हे हँडलले काहून लटकावलं?"

"हाताशी राहतं काका. उतरलं की लावलं."

"खय सांडून राहिली ना खाली. पाय, पट्टीवर ओघय आला."

"पुसून टाकतो."

"वरून पुसशीन. आत जाते थे. दांडीत ग्रीस पायजे का खय पायजे, तूच सांग आता."

वामनराव, आमचे चिटणीस, बाजूला उभे होते. ते म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही गाडी सांभाळा, आम्ही चळवळ सांभाळतो." तुम्ही मान हलवलीत. "बरं बाप्पा. पन तुमची चळवळ बी याच दांड्यायवर बसून जाते ना." आम्ही किक मारली आणि निघालो. डबा तिथेच. आश्विनात तुम्ही पुन्हा बोललात, तेव्हा मला चार गावं गाठायची होती. त्यावरून आपलं वाजलं. मी म्हणालो, तुम्हाला बायकांच्या हालांपेक्षा लोखंडाचं जास्त वाटतं. तुम्ही हात पुसत आत गेलात. त्या भांडणाचा शेवट झालाच नाही. मला वाटायचं, कधीतरी होईल.

कार्तिक वद्य चतुर्थी, मंगळवार. पातूरकडच्या गावांतून हंगामाला जिनात येणाऱ्या बायकांची सभा होती. वामनराव पुढे, मी मागे, गठ्ठे, झेंडा, डबा. पातूरच्या अलीकडे नाल्याच्या उतारावर पुढून कडक असा आवाज आला आणि चिमटा घडी पडल्यासारखा मागे वळला. मी गठ्ठ्यांवर पडलो म्हणून वाचलो. वामनरावांच्या गळपट्टीचं हाड मोडलं. निळी खळ त्यांच्या सदऱ्यावर सांडली होती. सभा झाली नाही. चाळीसेक बायका कामाला खाडा करून आल्या होत्या, वाट पाहून घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी मुकादमाने त्यांना फाटकातून आत घेतलं नाही. हे मी आजही विसरत नाही. त्या दिवशी तर माझं डोकं फक्त तेवढ्यानेच भरलेलं होतं.

गाडी बैलगाडीत घालून संध्याकाळी तुमच्या शेडमध्ये आणली. खालची पुढची दांडी तुटलेली होती, एवढं बाहेरून दिसत होतं. वामनराव दवाखान्यात कण्हत म्हणाले, "या मिस्त्रीला मी श्रावणात जिनाच्या फाटकातून निघताना पाहिलं होतं. फडक्यात काहीतरी गुंडाळलेलं होतं." बस. माझी पत्रकाची पहिली ओळ तयार झाली.

तुम्हाला विचारायला आलो, हे खरं. पण विचारायला म्हणून आलो नव्हतो, दम द्यायला आलो होतो.

"जिनात कशाला गेला होतात?"

"लेथ तठीच हाय बापू. साऱ्या अकोल्यात दांडी काढाची लेथ फक्त जिनाच्या कारखान्यात. तठीचा फिटर माह्या वयखीचा. तुमच्याच दांड्या काढाले गेलो होतो."

"आणि ही तुटली कशी? नवी होती ना?"

तुम्ही तुटलेल्या चिमट्याकडे पाहिलंत. खाली वाकून पाहिलंत, पण हात लावला नाहीत. बोट दांडीजवळ नेलंत आणि मागे घेतलंत. मला आता कळतं, तुम्हाला तेव्हाच काहीतरी दिसलं होतं.

"मी नाई खोलत. मी खोललं त म्हनसान, यानंच बदललं. तू खोल. तुह्या हातानं. पाना मी देतो, मी तिकडं बसतो. पह्यले खोलून पाय, मंग लिव."

ते वाक्य. पह्यले खोलून पाय, मंग लिव.

"काका, उद्या सकाळी छापखान्यात मजकूर द्यायचा आहे."

"मंग परवा दे."

"परवा बायका विसरतील."

"बायका नाई विसरत काई. तू विसरशीन."

मी निघून आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ ते दहा. 'मजुरांच्या गाडीला विकाऊ पाना! जिनाच्या फाटकातून फडक्यात काय आणलंस, किसन मिस्त्री?' असं मी लिहिलं. खाली बारा ओळी. चांगल्या होत्या. दुपारी छापून झालं, संध्याकाळी भिंतींवर लागलं. टिळक रोडपासून जठारपेठेपर्यंत, कापूस बाजारात, स्टेशनकडच्या कट्ट्यावर. एक तुमच्या शेडच्या दारावर. ते मी लावलं नाही. लावू नका असंही म्हणालो नाही.

मोरचुदाची खळ होती. गुरांनी तोंड लावलं नाही.

तुम्ही गेलात त्याला माझं पत्रक कारण झालं, असं मी म्हणत नाही. विषमज्वर कोणाचं पत्रक वाचून येत नसतो. पण तुम्ही अकोल्यात असता तर सरकारी दवाखाना चार फर्लांगांवर होता. अचलपूरला लेकीच्या गावी, एका पिठाच्या चक्कीच्या इंजिनाशी झगडत, तापात चार दिवस काम करत होतात. आणि अचलपूरला तुम्ही गेलात ते अकोल्यात तुमच्या शेडमध्ये कोणी सायकलसुद्धा आणेना म्हणून. हे मी जसं आहे तसं मांडतो. वरून पुसत नाही.

माघात तुम्ही मला अमरावतीच्या मोटार स्टँडवर दिसलात. मी वडिलांना भेटायला आलो होतो. ते वकील, त्यांना माझी पत्रकं वाचून दर वेळी कपाळ चोळावं लागतं. तुम्ही अचलपूरच्या लॉरीची वाट पाहत होतात, दोरीने बांधलेल्या हत्यारांच्या पेटीवर बसलेले. मथुरामायनं मला पाहून पदर ओढला आणि तोंड फिरवलं. मला वाटलं, तुम्हीही फिरवाल. तसं झालं असतं तर मला सोपं गेलं असतं.

"काय बापू, बरं हाय ना? वामनरावाचं हाड जुयलं का?"

"जुळलं. जरा वाकडं आहे."

"थंडीत दुखन त्यायले. तेल लावा म्हना." मग, "खोलली?"

"नाही काका. वेळ झाला नाही."

"किल्ली शिंप्याजवळ ठेवली मी. शेजारच्या. उन्हाळ्यात ग्रीस पातय होते, तवा खोल, सोपं जाईन तुले."

रागाचा एक शब्द नाही. मला विचाराल तर, तुम्ही शिव्या घालायला हव्या होत्या. त्याची उत्तरं माझ्याजवळ तयार होती. लॉरी आली. मी पेटी वर चढवायला हात लावला, फार जड होती. तुम्ही म्हणालात, "सांभाळून, तुह्या बोटायनं लिवाचं असते." लॉरी गेली. माझ्या काखेत पत्रकांचा नवा गठ्ठा होता, तो घेऊन मी वडिलांच्या घरी गेलो आणि जेवलो. पोटभर जेवलो, हेही सांगून टाकतो.

फाल्गुन गेला, चैत्र गेला. मी दोनदा जठारपेठेतून गेलो. एकदा शिंपी दुकानातून म्हणाला, "किल्ली नेता का?" मी म्हणालो, येतो. वैशाखाच्या अखेरीस तुमची बातमी आली.

तेरावं झाल्यावर मथुरामाय शेड रिकामी करायला अकोल्याला आली आणि तिने मला निरोप पाठवला. मी गेलो तेव्हा ती दारावरचं पत्रक पाण्याने भिजवून नखाने काढत होती. निघत नव्हतं. 'विकाऊ' हा शब्द अर्धा निघाला होता, बाकी जसंच्या तसं.

"तुमची गाडी घेऊन जा," ती म्हणाली. "सात महिन्यापासून तेवढीच राखून ठेवली त्यायनं. पोतं टाकलं वरून, पन कोनाले हात लावू देल्ला नाई. पोराले बी नाई, जावयाले बी नाई. सारखं म्हने, बापू येईन, बापू खोलन."

मी गाडी नेली नाही. तिथेच बसलो. तिने न मागता लुगड्याचा तुकडा आणून अंथरला. तोच होता की दुसरा, मी विचारलं नाही.

पहिला दिवस चाक आणि पुढचा दिवा काढण्यात गेला. इंजिनाखाली लाकडाचा ठोकळा दिला, तुम्ही द्यायचात तसा. मान सोडवताना वाटी धरली आणि तरी सात छर्रे घरंगळले. मथुरामायने ते पेटीच्या मागून, कोपऱ्यातून एकेक शोधून आणून दिले. दुसरा दिवस स्प्रिंगचा. ती दाबून सोडवायची कशी हे मी विसरलो होतो. एकदा तिने उसळून माझा अंगठा सोलला. वरच्या दोन दांड्या निघाल्या. ग्रीस भरलेलं, काळं, मऊ. तुमच्या उन्हाळ्याच्या हिशेबाप्रमाणेच पातळ झालेलं. टोकाला तीन ठिपके. खालची मागची निघाली, जराशी कोरडी. तिलाही तीन ठिपके.

खालची पुढची निघेना. डब्याच्या बरोबर खाली येणारी ती. रात्रभर रॉकेल पाजलं. तिसऱ्या दिवशी दुपारी पितळेच्या तुकड्याने हळूहळू ठोकत ती दोन तुकड्यांत बाहेर आली. माझ्या हाताने रॉकेलचा बोळा उचलला. सवय. आणि मग माझं मनगट मीच धरलं.

पाहिलं.

ग्रीस भरायचं भोक पांढऱ्या-निळ्या खड्याने बंद झालेलं होतं. वाळलेली खळ, दगडासारखी. दांडीवर पूर्ण लांबीभर निळसर पापुद्रा, आणि पापुद्र्याखाली लोखंड तांबूस, तांब्याचं पाणी दिल्यासारखं. मोरचूद लोखंडाला काय करतं हे मी शाळेत शिकलो आहे, परीक्षेत लिहिलंही आहे. तांबूस थराखाली लोखंड कुरतडलेलं. जिथे मोडलं तिथला कडेचा भाग सगळा जुना, गंजून निळा-काळा पडलेला, आणि मधोमध फक्त हरभऱ्याच्या डाळीएवढा ठिपका चकचकीत. तेवढ्यावर आम्ही दोघे, झेंडा, गठ्ठे आणि डबा घेऊन शेवटचे किती दिवस फिरत होतो देव जाणे. तुकड्याच्या टोकाला पोगराचे तीन ठिपके. नवी दांडी, तुमची, आमच्यासाठी जिनाच्या लेथवर काढलेली, फडक्यात गुंडाळून आणलेली.

काका, मी रडलो वगैरे नाही. मला फक्त फार थकल्यासारखं झालं. राग हा माझा धंदा आहे. गेली तीन वर्षं तो मला सकाळी उठवतो. त्या दुपारी मी त्याला आत शोधलं आणि तो नव्हता. मी मथुरामायला हाक मारली. म्हणालो, माय, पाहा, हे आमच्या खळीनं झालं. काकांची दांडी चांगली होती.

ती उभ्यानेच लुगड्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "मले कायले दाखवता? मले मालूम होतं. ज्यायले मालूम नाई त्यायले दाखवा."

वामनरावांना बोलावून आणलं. ते आले, पाहिलं, खांदा चोळत बराच वेळ उकिडवे बसले. ते वाईट माणूस नाहीत. त्यांनाही कळलं. पण उठताना म्हणाले, "छापू नकोस. पुढच्या हंगामाची बोलणी चालू आहेत. आपल्याच खळीनं आपली गाडी मोडली, असं आपणच छापायचं? जिनवाले तो कागद चौकटीत घालून कचेरीत लावतील."

"लावू देत."

"आणि मिस्त्री तर गेले. आता त्यांना काय उपयोग?"

"मिस्त्री गेले. पत्रक आहे अजून भिंतीवर."

"उन्हापावसानं जाईल हळूहळू."

"नाही जाणार वामनराव. खळ आपली आहे."

भांडायला दोघांतही त्राण नव्हतं. म्हणून हा मजकूर मंडळाचा नाही. माझा आहे, आणि मी तो माझ्या नावाने साप्ताहिकाला देतो आहे. जिनातल्या बायकांना पाणी मिळालंच पाहिजे, त्यांच्या कामाचे तास कमी झालेच पाहिजेत, त्यातलं एक अक्षर मी मागे घेत नाही. मागे घेतो फक्त ते पत्रक, सगळ्या बारा ओळींसकट.

तुमचे आभार मानायचे राहून गेले. कशाचे, ते मलाच अजून नीट सांगता येत नाही. मी तुम्हाला विकाऊ म्हटलं आणि तुम्ही सहा महिने, शेवटपर्यंत, माझ्यावर विश्वास ठेवलात. मी खोलीन आणि जे निघेल ते खरं सांगीन, एवढा. मला तर माझ्यावर तेवढा नव्हता. गाडी मी पुन्हा जोडणार आहे. नवी दांडी लागेल, आणि लेथ अजून त्याच जिनात आहे. त्याच फाटकातून मला फडकं घेऊन बाहेर यावं लागेल. कोणी पाहिलं तर पाहू दे. टोकाला तीन ठिपके मी ठोकणार नाही, तो हक्क माझा नाही. खळीचा डबा माझ्या पाठीला बांधणार आहे.

आता, वाचणाऱ्या, तुझ्याशी.

जठारपेठेत किसन मिस्त्रींच्या शेडमध्ये लुगड्याच्या तुकड्यावर तो चिमटा मांडून ठेवला आहे, निघाला तसा, क्रमाने. दांडीचे दोन्ही तुकडे तसेच आहेत. अजून कोणी पुसलेले नाहीत. येत्या अमावास्येपर्यंत ते तसेच राहतील, तोवर शेडचा ताबा मथुरामायकडे आहे. माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नकोस. तू तो एकदा ठेवलास, त्याचं काय झालं ते वर वाचलंस. ये, उकिडवा बस आणि आपल्या डोळ्यांनी पाहा.

आणि पाहिल्यावर घरी जा. तुझ्या गल्लीत, तुझ्या भिंतीवर, तुझ्या दुकानाच्या फळीवर ते पत्रक अजून आहे. नुसत्या पाण्याने निघत नाही, मी पाहिलं आहे. खुरपं घे, आणि किसन मिस्त्रीचं नाव त्या भिंतीवरून खाली उतरव.